सैलानीला गोळी का मिळत नाही?

१९९४ च्या होळीला मी अकरा वर्षांचा होतो. सैलानीच्या यात्रेत भांडी, दोर, साखळ्या विकणाऱ्यांची रांग लागायची. त्यातल्या एका दुकानातून कुलूप आणायला मामूंनी मला दहा रुपये देऊन पाठवलं. साखळी आम्ही घरूनच नेली होती, गोठ्यातली. कुलूप तेवढं विसरलं होतं. मी धावत गेलो, घासाघीस करून रुपया वाचवला आणि त्याचा बर्फाचा गोळा खाल्ला. ते कुलूप माझ्या छोट्या खालाच्या पायात लागलं.

हे मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं काय आहे त्यात, असं वाटायचं. शिवाय सैलानीबद्दल बाहेर इतकं काही बोललं जातं की आपण आणखी भर घालू नये, असाही एक विचार होता. पण मध्यंतरी एका मित्रानं सैलानीचा व्हिडिओ पाठवला. घुमणाऱ्या बाया, धुरात लोळणारा एक पोरगा, मागं ढोल. खाली प्रतिक्रियांचा पाऊस. अर्धे लोक 'हे अडाणी कधी सुधारणार' म्हणत होते. उरलेल्या अर्ध्यांत आपलेच लोक होते, ते 'हा शिर्क आहे, याचा इस्लामशी संबंध नाही' असं ठणकावून सांगत होते. लोळणारा पोरगा कोणत्या आजाराचा रुग्ण असेल, हे मात्र कुणीही विचारलं नव्हतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सैलानी बाबांचा दर्गा बुलढाणा तालुक्यात पिंपळगाव सराईजवळ आहे. होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. नारळांची होळी पेटते, लोक अंगावरचे कपडे, लिंबू, बिबे उतरवून त्यात टाकतात. मराठवाडा, खानदेश, मध्य प्रदेश, तेलंगण, सगळीकडून लोक येतात आणि त्यांत हिंदू मोठ्या संख्येनं असतात. मानसिक आजारी माणसाला इथं आणण्याची रीत जुनी आहे. यात्रेपुरतीच नाही, वर्षभर. कुणी अकरा जुमेरात हाजिरी देतं, कुणी अमावस्येला येतं, कुणी सहा-सहा महिने आसपास खोली किंवा झोपडी करून राहतं.

आमच्या खालाला लग्नानंतर वर्षभरानं ऐकू यायला लागलं. भिंतीतून कुणीतरी बोलतंय, नणंद अन्नात काहीतरी कालवतेय. सासरच्यांनी एक दिवस तिला माहेरी आणून सोडलं ते कायमचं. नानी म्हणायची, "असर है." शेजारच्या काकू म्हणायच्या, "बाहेरचं हाय काहीतरी." बघा, शब्द वेगळे पण निदान एकच. आजार आतला नाही, बाहेरून आलाय. यात एक मोठी सोय आहे. बाहेरून आलेलं बाहेर काढता येतं, आणि ज्याला झालंय त्याचा दोष उरत नाही. 'पागल' म्हटलं की पोरगी संपली, 'असर' म्हटलं की पोरगी अजून आपली आहे, फक्त कुणीतरी तिला धरून ठेवलंय. आमच्या घरानं 'असर' निवडला आणि त्यात मला आजही मूर्खपणा दिसत नाही.

मूर्खपणा पुढं झाला. की त्यालाही दुसरंच काही नाव द्यावं, ते तुम्हीच ठरवा. १९९५ मध्ये मामू तिला एका मोठ्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. म्हणजे आम्ही 'विज्ञान नाकारणारे' लोक नव्हतो. दोन एसटी बदलून गेलो, रांगेत उभे राहिलो, केसपेपर काढला. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतं?" खाला म्हणाली, "जी घबराता." डॉक्टरांनी विचारलं, "आवाज ऐकू येतात का?" ती गप्प बसली. आवाजांनीच तिला सांगितलं होतं, बोलू नकोस. पाच-सात मिनिटांत तपासणी संपली. तीन गोळ्या लिहून दिल्या. दोन खिडकीवर मिळाल्या, तिसरी नव्हती, "बाहेरून घ्या" म्हणाले. मामूंना वाटलं तिसरी ताकदीची असेल. परतीच्या भाड्याचा प्रश्न होता. नाही घेतली.

आठवड्याभरात खालाचा जबडा आखडला. जीभ जड झाली, हात थरथरायला लागले, तोंडातून लाळ गळायला लागली. चालताना ती लाकडी बाहुलीसारखी चालायची. नानीनं छाती बडवून घेतली, असर अंगभर पसरला म्हणून. गोळ्या चुलीत गेल्या आणि साखळी पुन्हा बाहेर आली.

ती तिसरी गोळी याच आखडण्यावरची होती, हे मला पुढं वीस वर्षांनी कळलं. त्या काळी आवाज थांबवण्यासाठी दिली जाणारी औषधं अशी होती की अनेक रुग्णांच्या अंगात कंप आणि ताठरपणा यायचा आणि त्यासाठी सोबत दुसरं औषध द्यावं लागायचं. घाबरायचं कारण नव्हतं. फक्त कुणीतरी एक वाक्य बोलायला हवं होतं: अंग आखडेल, घाबरू नका, ही गोळी त्याच्यासाठी आहे, ही सोडू नका. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. त्याच्या दाराबाहेर साठ माणसं उभी होती आणि हे वाक्य बोलायला त्याला कुणी कधी शिकवलंही नसावं.

मग आणखी तीन वर्षं सैलानी. तिथं काय होतं? बाहेरून पाहणाऱ्याला ढोल आणि धूर दिसतो. आत राहणाऱ्याला दुसरं काहीतरी दिसतं. सकाळी झाडलोट, झऱ्यावर अंघोळ, दुपारी कुणाच्या तरी चुलीवर भाकरी, शेजारच्या खोलीत परभणीची एक बाई आपल्या भावाला घेऊन आलेली, पलीकडे बऱ्हाणपूरचं एक कुटुंब. कुणी कुणाला वेडं म्हणत नाही, कारण सगळ्यांच्याच घरात एक जण आहे. खाला घुमायची, ओरडायची, शिव्या द्यायची. गावात तिच्यावर दगड पडले असते. इथं लोक म्हणायचे, "हाजिरी लागली." नानी तीन वर्षांत पहिल्यांदा तिथं निवांत झोपली, असं ती स्वतः सांगायची.

आणि तिथंच साखळी होती. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच खोलीत होतं. खालाच्या डाव्या घोट्यावर आजही काळा वळ आहे. साखळी आम्हाला कुणी सांगितली नव्हती, आमची आम्हीच नेली होती. रात्री ती पळून जायची, मागं नाला होता, मामूंना दिवसा मजुरीला जायचं होतं. एका गरीब घराकडं माणसाला सांभाळण्याचं जे एकमेव साधन होतं ते गोठ्यात टांगलेलं होतं.

२००१ साली ६ ऑगस्टच्या पहाटे तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका खाजगी 'मनोरुग्ण निवासा'ला आग लागली आणि साखळीनं बांधलेली २८ माणसं मेली. त्या दिवशी आमच्या घरात टीव्ही बंद करण्यात आला होता. कुणी काही बोललं नाही. खाला तोवर बरी झाली होती आणि स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती.

ती बरी कशी झाली, हे सांगायला मी हा सगळा पसारा मांडला. १९९८ मध्ये दर्ग्यातल्याच एका म्हाताऱ्या खादिमानं मामूंना बाजूला घेतलं. म्हणाले, "बेटा, दुआ हम करते रहेंगे, पर इसकू अकोले ले जा. वहाँ एक डॉक्टर है, मैंने पहले भी दो-चार को भेजा है. बाबा की इजाजत है." झालं. पाच वर्षं जे काम नातेवाईक, मास्तर, गावचे डॉक्टर यांपैकी कुणाच्या समजावण्यानं झालं नाही ते 'इजाजत है' या शब्दांनी झालं. अकोल्याच्या त्या खाजगी डॉक्टरांनी खालाला नंतर तपासलं, आधी नानीला बसवून सगळं सांगितलं. अंग आखडेल, झोप येईल, तीन आठवडे तरी फरक दिसणार नाही, ताबीज गळ्यातच राहू द्या, काढायची गरज नाही. दोन महिन्यांनी खालानं स्वतःहून वेणी घातली.

म्हणजे आमच्या बाबतीत रुग्णालयानं आम्हाला दर्ग्यात पाठवलं आणि दर्ग्यानं डॉक्टरकडं. उपरोधानं म्हणत नाही, घडलं तसं सांगतोय.

अशी उदाहरणं माझ्या एकट्याच्या घरातली नाहीत, हे गेल्या काही वर्षांत वाचताना लक्षात आलं. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. प्रौढांत मानसिक आजाराचं प्रमाण १०.६ टक्के निघालं आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. गुजरात होतं, मध्य प्रदेश होता, छत्तीसगड होतं. महाराष्ट्र त्यात नव्हता. म्हणजे शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर चर्चेत असलेल्या आमच्या विदर्भाची मोजदाद त्या आकड्यांत नाही. सरकारनं २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात बुलढाणा आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही आहे. पण भरती करून उपचार करणारी राज्याची जुनी मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. आम्हाला जवळचं नागपूर, साडेतीनशे किलोमीटर.

दर्ग्यांवर, देवळांवर संशोधनही झालंय आणि ते आपल्या भांडखोर चर्चांपेक्षा खूप समंजस आहे. एरवाडीच्या दुसऱ्याच वर्षी, २००२ मध्ये, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तमिळनाडूतल्या मुथुस्वामी मंदिराचा एक अभ्यास छापून आला. मंदिरात मुक्कामाला आलेल्या ३१ रुग्णांची लक्षणं संशोधकांनी आल्यावर आणि जाताना मोजली. मुक्काम सरासरी सहा आठवड्यांचा. औषध नाही, खास विधीही नाही, घरच्यांसोबत राहणं आणि मंदिराची लहानसहान कामं करणं. लक्षणं सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली. अभ्यास छोटा, तुलनेला दुसरा गट नाही, त्यामुळं फार ताणू नये. पण नानीला तिथं झोप का लागायची, याचं उत्तर मला त्यात सापडलं. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या दिवंगत भार्गवी दावर आणि मधुरा लोहोकरे यांनी २००९ मध्ये महाराष्ट्रातल्या दर्ग्यांवर इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत लिहिलं, तेही याच वाटेवरचं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २०२० साली लॅन्सेटमध्ये आलेला घाना आणि नायजेरियातला अभ्यास. तिथंही वेड लागलेल्या माणसाला आधी पारंपरिक किंवा धार्मिक उपचारकाकडं नेतात. संशोधकांनी उपचारकांच्या जागा दोन गटांत विभागल्या. एका गटात उपचारक आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे कर्मचारी मिळून रुग्ण बघू लागले, म्हणजे दुआही चालू आणि दवाही चालू. दुसऱ्या गटात नेहमीसारखंच. एकूण ३०७ रुग्ण. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या रुग्णांची लक्षणं स्पष्टपणे कमी होती. मारझोड, बांधणं, उपाशी ठेवणं मात्र दोन्ही गटांत कमी झालं. याचा मी लावतो तो अर्थ असा: कुणीतरी येऊन आदरानं बघायला लागलं की साखळी सैल व्हायला सुरुवात होते, पण आवाज थांबायला गोळी लागते.

यासाठी आफ्रिकेत जायचीही गरज नाही. शेजारच्या गुजरातमध्ये, मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथं मीरा दातार दर्गा आहे, आपल्या सैलानीसारखाच. तिथं 'दवा-दुआ' नावाचा कार्यक्रम सरकार आणि अल्ट्रुइस्ट नावाच्या संस्थेनं मिळून सुरू केला. मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं, दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसायला लागला आणि मुजावर दुआ करून रुग्णाला स्वतः तिकडं पाठवू लागले. आमच्या त्या म्हाताऱ्या खादिमानं जे आपल्या मनानं, गुपचूप केलं ते तिथं उघडपणे, कागद-शिक्क्यानिशी होतं. पुढं एरवाडीतही असा दवाखाना आला. मग सैलानीला का नाही? यात्रेच्या दिवसांत आरोग्य पथकं लागतात, ते मान्य. मी बारा महिन्यांचं विचारतोय. खालासारख्यांचा आजार यात्रेच्या दिवसांपुरता नसतो.

कायद्याची बाजू तर कधीच पूर्ण झालीय. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधण्याचं, मारण्याचं आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं कलम ९५ साखळी कोणत्याही प्रकारे वापरायला मनाई करतं. उत्तर प्रदेशात बदायूंच्या दर्ग्याचं प्रकरण पुढं आलं तेव्हा, जानेवारी २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. पण त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम १८ मध्ये उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क म्हटलाय, आणि जिल्ह्यात सरकारी सेवा नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणच्या उपचारांचा खर्च सरकारनं द्यायचा, असंही म्हटलंय. व्हिडिओखाली कलम ९५ सगळे टाकतात. कलम १८ कुणी टाकत नाही. आज तो कायदा लागू केला तर १९९४ च्या गुन्ह्यात आत जातील माझे मामू, जे आता हयात नाहीत, आणि कुलूप आणणारा मी.

आता थोडं वेगळं वाटेल, पण बुलढाण्याचीच गोष्ट आहे. डिसेंबर २०२४-जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. देशभर बातमी झाली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं आली, पाणी, रक्त, केस यांचे नमुने गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडं बोट दाखवलं. चांगलंच झालं, व्हायलाच हवं होतं. त्या पोरींची लग्नं अडली होती, मुलं शाळेत जायला लाजत होती. पण त्या जानेवारीत मी सैलानीच्या फाट्यावर चहा पीत उभा होतो आणि मनात येत होतं, केस गेले तर दिल्लीहून गाड्या येतात. इथं माणसांचं डोकंच जातंय, तीस-चाळीस वर्षं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि नमुने घ्यायलाही कुणी येत नाही. योगायोग असा की केंद्रातले आरोग्य राज्यमंत्री २०२४ पासून आमचेच खासदार आहेत.

कुणीच काही करत नाही, असं मात्र म्हणणार नाही. चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळ इथं पालवे दाम्पत्याचा सेवासंकल्प प्रकल्प आहे. रस्त्यावर सोडून दिलेल्या मनोरुग्णांना उचलून आणायचं, धुवायचं, खाऊ घालायचं, औषध द्यायचं. ज्यांना तिथं एकदा जाणं झालं ते पुन्हा 'अडाणी लोक' असा शब्द सहज काढणार नाहीत. पण एका कुटुंबाच्या खांद्यावर जिल्ह्याचं ओझं किती दिवस?

आणि आता बुलढाण्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय, २०२४ ला मान्यता मिळालेल्या नव्या महाविद्यालयांपैकी एक. जिल्ह्याला फार आनंद झाला, मलाही झाला. माझा प्रश्न त्या पोरांच्या अभ्यासाचा आहे. आपल्याकडं एमबीबीएसला मनोविकारशास्त्र हा स्वतंत्र परीक्षेचा विषय नाही, तो मेडिसिनच्या पेपरात येतो. प्रत्यक्ष रुग्ण बघण्याचे दिवस मोजक्या आठवड्यांचे. परीक्षेत जे विचारत नाहीत ते पोरं वाचत नाहीत, हे आपल्या घरातल्या पोरांवरून कळतं. २०१९ पासून नव्या अभ्यासक्रमात रुग्णाशी वागण्या-बोलण्याचं, संवादाचं आणि नीतीचं प्रशिक्षण घातलंय. पण वर्गात बसून तक्त्यावर 'सहानुभूती' शिकणारा मुलगा उद्या मेहकरच्या, संग्रामपूरच्या आरोग्य केंद्रात बसेल. समोरची बाई म्हणेल, "जी घबराता", "आंगात येतं", "बाहेरचं हाय". तेव्हा त्याला यातला एकही शब्द आजार म्हणून ओळखू आला नाही, तर तो केसपेपरवर 'रुग्ण सहकार्य करत नाही' असं लिहील. खालाच्या कागदावर असंच काहीसं लिहिलेलं होतं, तो कागद मामूंनी ट्रंकेत ठेवला होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की त्या महाविद्यालयाची मनोविकाराची एक ओपीडी सैलानीत असावी. दर्ग्याच्या आत नको, दाराशी. आठवड्यातून दोन दिवस, त्यातला एक जुमेरातचा, कारण गर्दी तेव्हा असते. सोबत एक परिचारिका आणि एक उर्दू-वऱ्हाडी समजणारा समुपदेशक. महिन्याचं इंजेक्शन आणि गोळ्या तिथंच. प्रत्येक विद्यार्थ्यानं किमान पंधरा दिवस तिथं बसावं आणि पहिले पाच दिवस काहीही न लिहिता फक्त ऐकावं. आणि खादिम-मुजावरांना बोलावून त्यांच्याशी बरोबरीनं बोलावं. त्यांतले काही धंदेवाईक असतील, माहीत आहे मला. डॉक्टरांतही असतात.

दर्ग्याच्या व्यवस्थेला हे चालेल का, असं लोक विचारतात. आमचा खादिम हेच करत होता, म्हणून मला वाटतं, विचारून तरी बघावं.

आता आपल्या लोकांसाठी दोन शब्द. माझा एक चुलत मेव्हणा दरवर्षी चिल्ला लावून येतो आणि खालाला सांगतो की दर्ग्यात जाणं सोड, हा शिर्क आहे. तिला आजार होता तेव्हा त्याच्या जमातीतला कुणी तिला दवाखान्यात घेऊन गेला नव्हता. अकीद्याची चर्चा करायला माझी ना नाही, पण दर्ग्याचा दरवाजा बंद करा म्हणणाऱ्यानं आधी दुसरा कोणता उघडलाय ते दाखवावं. आपल्या परंपरेत दाखवण्यासारखं पुष्कळ आहे. दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खीनं शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला, मन दुखतं तेव्हा शरीरही दुखतं हे त्यात मांडलं. कैरोत सुलतान कलावूननं १२८४ मध्ये बांधलेल्या बीमारिस्तानात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता आणि वक्फच्या उत्पन्नावर तो चालायचा. वक्फच्या जमिनींवरून आज आपण एवढे मोर्चे काढतो. त्या जमिनींच्या उत्पन्नातून एखाद्या तालुक्यात मनोविकाराचा दवाखाना चालवा, ही मागणी एकाही मोर्चात मी ऐकलेली नाही. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आम्ही उंटाऐवजी बाईला बांधलं.

खाला आता साठीला टेकली. रोज रात्री एक गोळी घेते. गोळ्यांचा डबा आणि ताबीज एकाच कप्प्यात असतं. होळीला सैलानीला जाते, नारळ टाकते, कारण तिच्या हिशोबानं इजाजत तिथूनच मिळाली होती. मागच्या यात्रेला मी तिच्यासोबत होतो. शेजारी सतरंजीवर एक बाई बसली होती, मराठवाड्यातली, ऊसतोडीला जाणारी. वीसेक वर्षांचा मुलगा, ओढणीनं हात बांधलेला, ओठ हलत होते. खाला त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग पिशवीतून आपली गोळ्यांची पट्टी काढून तिनं त्या बाईला दाखवली. म्हणाली, "मलाबी असंच बोलत होते भितीतून. ही खाते, आता न्हाई बोलत."

बाईनं पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. "हितं भेटते का?"

खालानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात दाखवावं लागेल. आधी तपासतील, मग गोळी देतील. दर महिन्याला यावं लागेल."

"महिन्याला तर येतोच आम्ही, अमावस्येला," ती म्हणाली. "पण हितं. बुलढाण्याला म्हंजे आणखी येक दिस. मुकादम सोडत न्हाई." मग बोटं मोडत तिनं हिशोब सुरू केला. माझं हाफ तिकीट, याचं फुल, तिथं मुक्काम पडला तर रात्रीचं खाणं, दोघांचा बुडालेला दिवस. मधेच मुलगा उठायला लागला तसं तिनं ओढणीचं टोक पायाखाली दाबलं आणि पुन्हा पहिल्या बोटापासून मोजायला लागली.